शब्दचर्चा : पारदर्शकता की खुलेपणा?

कोरा कागद :
संशोधनाला निधी देणाऱ्या एका संस्थेचं धोरण मराठीत आणतोय. पहिल्याच वाक्यात 'ट्रान्सपरन्सी' आणि 'ओपननेस' शेजारी-शेजारी बसलेत. 'पारदर्शकता व खुलेपणा' लिहून मोकळा झालो. घरी वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, "एकच गोष्ट दोनदा कशाला?" 'मोकळेपणा' लिहावं तर संस्था गप्पा मारायला बसल्यासारखी वाटते. सुचवा.

पाणकावळा :
एक नाही, दोन गोष्टी आहेत. एक तावदान, दुसरं दार. तावदानातून आतलं दिसतं, पण हात घालता येत नाही.

अमेरिकेची एनआयएच घ्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी तिथली सरकारी संस्था. कुणाला, कशासाठी, किती पैसे दिले हे त्यांच्या 'रिपोर्टर' या संकेतस्थळावर कुणीही पाहावं. अर्जांची छाननी करणाऱ्या समित्यांच्या सदस्यांची नावंही लावतात. पण आपल्या अर्जावर त्यातल्या नेमक्या कुणी शेरा मारला, ते अर्जदाराला कळत नाही. एनएसएफ, म्हणजे इतर विज्ञानशाखांना निधी देणारी तिथलीच सरकारी संस्था, शेरे जसेच्या तसे पाठवते, नाव मात्र झाकून. शाळेतलं विज्ञान आठवा : काच पारदर्शक, पुठ्ठा अपारदर्शक, आणि तेलकट कागद अर्धपारदर्शक. हा कारभार तेलकट कागदाचा. माझ्या मते तो तसाच असावा. नावं उघड झाली तर एखाद्या बड्या प्राध्यापकाच्या अर्जावर कुठला नवखा संशोधक खरं लिहील?

दार म्हणजे संशोधन हातात पडणं. एनआयएचच्या पैशातून निघालेले शोधनिबंध 2008 पासून पबमेड सेंट्रल या ऑनलाइन संग्रहात, कुणालाही फुकट वाचता येतील असे, ठेवावे लागतात. आधी 12 महिन्यांपर्यंत थांबायची मुभा होती, 1 जुलै 2025 पासून तीही गेली. हा खुलेपणा.

ओसरी :
'खुला' जरा जपून वापरा. महाराष्ट्रात 'खुला निधी' वाचून निम्मे लोक विचारतील, खुल्या प्रवर्गासाठी का?

आणि 'उघड'कडे तर वळूच नका. आपल्याकडे उघडकीस येतात ते घोटाळे. चव्हाट्यावर येतात ती भांडणं. चांगला कारभार कधी 'उघडकीस आला' असं ऐकलंय? मला वाटतं, 'पारदर्शक' हा भौतिकशास्त्रातला शब्द कारभाराला चिकटला तो यामुळेच; त्याला कसला वास नाही. ('खुलासा'चं 'खुला'शी काही नातं नाही बरं का. तो अरबीतून आलेला, मूळ अर्थ सार, अर्क.)

जुनी वही :
2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 बघा. त्यात या दोन्हींच्या पलीकडची एक गोष्ट आहे. 17 बाबी सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून, कुणी मागायच्या आधी, प्रसिद्ध करायच्या. ते झालं 'जाहीर करणं'. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की प्रशासकीय निर्णयाची कारणं ज्याच्यावर परिणाम होतो त्या माणसाला द्यायची. मंजूर प्रकल्पांची यादी लावणं सोपं असतं. माझा एक प्रस्ताव एका ओळीत परत आला होता : "विचारात घेता आला नाही." यादी मात्र संकेतस्थळावर व्यवस्थित होती, रकमांसकट. त्या संस्थेला पारदर्शक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जाता जाता : 2008 च्या कायद्याने आलेलं, संशोधनाला निधी देणारं केंद्र सरकारचं एसईआरबी हे मंडळ आता 2023 च्या कायद्याने आलेल्या 'अनुसंधान' प्रतिष्ठानात विलीन झालंय. हिंदीत अनुसंधान म्हणजे संशोधन, आणि संशोधन म्हणजे दुरुस्ती. आमच्या आजीला अनुसंधान म्हटलं की नामस्मरण आठवायचं.

कोरा कागद :
नामंच काढून टाकली. आता असं आहे : "संस्थेचा कारभार पारदर्शक राहील, तिच्या निधीतून झालेलं संशोधन सर्वांना वाचायला खुलं राहील, आणि अर्ज नाकारल्यास कारण कळवलं जाईल." तिसरा तुकडा मूळ मजकुरात नाही, तो जुन्या वहीतला. संस्थेला विचारून ठेवतो. घरून शेरा : "आता तीन गोष्टी वाटतात."