मदत हवी आहे: रफ आमच्याच पॅकेजला थर्ड पार्टी समजतंय

मंडळी, नागपुरातले पायथनवाले कोणी आहात का? मिहानला आमची छोटी टीम आहे. इम्पोर्टच्या ओळी क्रमाने लावणारं आयसॉर्ट सोडून नुकतंच रफ या कोड तपासणाऱ्या टूलवर आलो. इम्पोर्टचे गट त्याच्या मूळ क्रमानेच हवेत: फ्यूचर, स्टँडर्ड लायब्ररी, थर्ड पार्टी (बाहेरून घेतलेली पॅकेजेस), मग आपली पॅकेजेस, शेवटी डॉटवाले (रिलेटिव्ह) इम्पोर्ट.

कोड 'बॅकएंड' फोल्डरमध्ये आहे आणि पायप्रोजेक्ट या सेटिंगच्या फाइलमध्ये 'एसआरसी'ला (आपला कोड कुठे शोधायचा ते सांगणारी सेटिंग) तो दिलाय. लॅपटॉपवर सगळं बरोबर. सीआयमध्ये (सर्व्हरवरच्या आपोआप तपासणीत) मात्र आमची सामायिक लायब्ररी थेट पँडास या बाहेरच्या लायब्ररीच्या शेजारी जाऊन बसते न् आय001 (इम्पोर्टचा क्रम चुकल्याची) एरर येते! रफ 'एसआरसी'खाली ते मॉड्यूल डिस्कवर खरंच आहे का ते बघतं, आणि आमचा जॉब फक्त बदललेल्या सर्व्हिसचं फोल्डर आणतो. कारण तेच असावं.

'नोन फर्स्ट पार्टी' या आपल्या पॅकेजेसच्या यादीत नाव टाकलं की चालतं. पण दर नव्या पॅकेजला ती यादी कोण वाढवत बसेल बाप्पा? तिथे ग्लॉब पॅटर्न ('*' लावून अनेक नावं एकदम पकडणारा) चालतो, म्हणजे सगळ्या पॅकेजना एकच प्रीफिक्स देता येईल. त्यासाठी नावं बदलायची, की सीआयमध्ये पूर्ण रेपो आणायचा? मोठ्या मोनोरेपोत (सगळे प्रोजेक्ट एकाच रेपोत) तुम्ही काय करता?