फूलगळीपेक्षा दाण्याची साल सांभाळा

निफाडकडच्या सोयाबीनची निम्मी फुलं गळाली म्हणून फूलगळ थांबवायला टॉनिक फवारा, असं काहींनी सुचवलंय, ते पटत नाही. सोयाबीन मुळातच गरजेपेक्षा जास्त फुलं काढतं आणि चांगल्या वर्षीही निम्म्याच्या आसपास टाकून देतं. पाण्याची सोय असेल तर शेंगा भरताना पावसाच्या खंडात एक पाणी द्या. तेव्हाचा ताण पडला की शेंग टिकते, दाणा मात्र चपटा राहतो.

घरचं बियाणं ठेवणाऱ्यांसाठी एक राहिलंय. फूल उमलायच्या आधीच आत परागण होतं, त्यामुळे भेसळीची भीती फारशी नाही. घात होतो तो मळणीत. रानटी सोयाबीनचा काळा, बारीक दाणा इतका कठीण सालीचा असतो की पाणीच शिरत नाही, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतो. लागवडीच्या वाणांनी ती साल गमावली. वरून पातळ साल, तिच्या लगेच खाली कोंब. म्हणून ओलावा 13-14 टक्क्यांवर असताना, मळणी यंत्राचा ड्रम मिनिटाला 350-400 फेऱ्यांवर ठेवून मळा. फार कडक वाळलेला दाणा मशीनमध्ये फुटतो. आतून मार बसलेला दाणा डोळ्यांना चांगला दिसला तरी पुढे उगवत नाही. पोती आपटणं तर नकोच.