अनुभव धागा: हलवलेल्या संडासाची जुन्या पाइपाला जोडणी

गुडघेदुखीमुळे आईला रात्री पॅसेज ओलांडून जाणे जमेना, म्हणून तिच्या खोलीला लागून कमोड बसवायचे ठरले. फरशी आणि भांडे निवडण्याआधी मैल्याचा जुना पाइप नेमका कुठे आणि किती उंचीवर आहे हे पाहावे लागते, हे आम्हाला तेव्हा कळले. ज्यांनी असे काम करून घेतले आहे त्यांनी जोड कसा केला आणि पुढे काय झाले हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

आमचा तिसरा मजला असून बाहेरून चार इंची बिडाचा पाइप उतरतो. नवी जागा त्यापासून आठ फुटांवर होती. चाळीसास एक असा उतार धरला, तर तेवढ्या अंतरात पाइप जवळजवळ अडीच इंच खाली यावा लागतो. त्यात पाइपाची जाडी आणि वरचा कोबा मिळवला, तर फरशीखाली तेवढी जागाच नव्हती. स्लॅब फोडून खालच्या बिऱ्हाडाच्या छताखालून पाइप नेणे मला योग्य वाटले नाही. म्हणून पी-ट्रॅपचे, म्हणजे मागच्या बाजूने निचरा होणारे कमोड घेतले. त्याचे तोंड जमिनीपासून साधारण सात इंचांवर असते, त्यामुळे पाइप भिंतीलगत फरशीवरूनच नेता आला आणि त्यावर कडप्प्याची बैठक करून घेतली. आईला एकही पायरी चढावी लागत नाही.

जोड मात्र पहिल्या वेळी फसला. प्लंबरने पीव्हीसीचा पाइप बिडाच्या तोंडात घालून भोवती सिमेंट भरले होते. प्लास्टिक उन्हाथंडीने बिडापेक्षा बरेच जास्त प्रसरण आणि आकुंचन पावते, सिमेंटला ते सोसत नाही. वर्षभरात जोडाभोवती केसाएवढी फट पडली आणि खालच्यांच्या भिंतीवर ओल आली. दुसऱ्या वेळी रबरी कपलिंग, म्हणजे दोन्ही पाइपांच्या टोकांवर चढणारी लवचीक नळी, आणि ती आवळायला स्टीलच्या पट्ट्या वापरल्या. बीड कापण्याआधी वरचा पाइप क्लॅम्पने भिंतीला पक्का करून घ्यावा, कारण वरच्या मजल्यांच्या पाइपाचे वजन खाली येते आणि शिसे भरलेले जुने जोड हादऱ्याने सुटू शकतात. त्या दुपारी वरच्या प्रत्येक घरी जाऊन, दोन तास संडास वापरू नका, अशी मी विनंती केली होती.

मुंबई, जुनी इमारत: आमच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन पाइप आहेत, एक मैल्याचा आणि दुसरा मोरीच्या सांडपाण्याचा. नवी जागा दुसऱ्याच्या जवळ असल्याने आधीच्या मिस्त्रीने कमोड त्यालाच जोडून टाकला. हा मोरीचा पाइप खाली गल्ली ट्रॅपमध्ये, म्हणजे चेंबरच्या आधी वास अडवण्यासाठी पाणी साचून राहणाऱ्या वळणात, उतरतो, तर मैल्याचा पाइप थेट चेंबरला जातो. महिनाभरात ट्रॅप तुंबला आणि तळमजल्यावरच्या आजींच्या खिडकीखाली घाण पाणी साचले. दुसऱ्या मिस्त्रीने खाली उभे राहून मला दाखवले, “काका, हा मोरीचा पाइप आहे, मैल्याचा तो पलीकडचा.” आजींची क्षमा मागून आम्ही सगळी जोडणी बदलून घेतली. त्यांना झालेल्या त्रासाचे मला आजही वाईट वाटते.

पुणे, दुसरा मजला: जोड उत्तम झाला होता, पण फ्लश केला की न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येई आणि पाठोपाठ दुर्गंधी. फ्लशच्या पाण्याच्या ओढीने नहाणी ट्रॅपमधले, म्हणजे जाळीखालच्या वळणात वास अडवून ठेवणारे, पाणी खेचले जात होते. लांब आडव्या पाइपावर हवेचा पाइप काढून तो गच्चीच्या वर नेल्यावर आवाज आणि वास दोन्ही थांबले.

सातारा, घरचा वाडा: परसातला संडास घरात आणला, पण जुनी खापरी लाइन कुठून कुठे जाते हे कोणालाच आठवेना. बादलीभर पाण्यात गुलाल कालवून ते जुन्या भांड्यात ओतले आणि तिन्ही चेंबरची झाकणे उघडून प्रत्येकाजवळ एकेक जण बसला. पाणी मधल्या चेंबरमध्ये आले, पण अर्धेच. खणल्यावर दिसले की चिंचेचे मूळ जोडातून आत शिरले होते. तेवढा तुकडा काढून नवा पाइप टाकला, आणि तो जिथे वळतो तिथे चेंबर बांधून मगच भांडे बसवले.