मदत हवी आहे: एक्सेलमधली चूक शून्याखाली झाकली गेली आणि दूध उत्पादकांची बिलं कमी निघाली

नमस्कार मंडळी,

प्रश्न एक्सेलचा आहे, पण त्यात लोकांचे पैसे अडकलेत म्हणून सविस्तर लिहिते. सूत्रांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, शीटमध्ये अर्थातच ती रोमन लिपीत आहेत.

सोलापूर जिल्ह्यात आमच्या गावी अण्णा, म्हणजे माझे वडील, दूध संकलन केंद्र चालवतात. ४८ उत्पादक, सगळं गायीचं दूध, दोन वेळचं संकलन, दर दहा दिवसांनी बिल. मी पुण्यात नोकरी करते. बिलाची शीट दोन वर्षांपूर्वी मीच करून दिली. अण्णा रोज लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) भरतात, दर आपोआप येतो आणि दहाव्या दिवशी ते स्वतः बिलं छापतात. केंद्रावरचा कॉम्प्युटर जुना आहे, त्यात एक्सेल २०१० आहे.

डी रकान्यात लिटर, ई मध्ये फॅट, एफ मध्ये एसएनएफ, जी मध्ये दर, एच मध्ये रक्कम (=डी२*जी२). दराचं सूत्र असं:

=इफएरर(इंडेक्स(दर!$बी$२:$एल$२२, मॅच(ई२, दर!$ए$२:$ए$२२, ०), मॅच(एफ२, दर!$बी$१:$एल$१, ०)), ०)

'दर' नावाच्या शीटवर उभी फॅट ३.० ते ५.० आहे आणि आडवा एसएनएफ ८.० ते ९.०. आधी तक्ता ३.५ पासूनच होता, कारण दराचा आधारच ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ. गेल्या महिन्यात कमी फॅटचे कपात केलेले दर आले, तेव्हा मी वर पाच ओळी घालून तक्ता ३.० पर्यंत वाढवला.

इफएरर, म्हणजे चूक आली तर तिच्या जागी आपण दिलेली किंमत दाखवणारं सूत्र, का घातलं तेही सांगते. सुरुवातीला एखादी फॅट तक्त्यात नसली की #एन/ए (सापडलं नाही अशी चूक) यायचं, त्यामुळे रक्कम #एन/ए, आणि शेवटी दहा दिवसांची एकूण बेरीजसुद्धा #एन/ए. अण्णा घाबरून फोन करायचे, "अगं, सगळंच बिघडलं." ९६० ओळींतल्या एका ओळीने अख्खं बिल अडायचं. म्हणून मी शून्य टाकून मोकळी झाले.

परवा एक आजी केंद्रावर आल्या. त्यांच्याकडे एकच गाय. दूध घातल्यावर मिळालेल्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी पदराच्या गाठीत जपून ठेवल्या होत्या. "बाळा, बिलात पैसे कमी लागलेत," एवढंच म्हणाल्या. अण्णांनी एकेक चिठ्ठी बिलाशी ताडून पाहिली. २० वेळांपैकी ७ वेळांना लिटर बरोबर, फॅट बरोबर, आणि दरासमोर ०.०० छापलेलं. जवळपास ३१ लिटर दुधाचे पैसे लागलेच नव्हते. मी इकडून शीट उघडून जी रकान्याला शून्याची गाळणी लावली, तर एकट्या आजींच्या नव्हे, नऊ उत्पादकांच्या मिळून ६१ नोंदी निघाल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सगळ्या ६१ नोंदींत फॅट ३.०, ३.१ किंवा ३.२ आहे. ३.३ आणि ३.४ ला दर बरोबर येतो. तक्त्यात ३.२ ची ओळ डोळ्यांसमोर आहे, दर भरलेला आहे. मी हे करून पाहिलं:

इफएरर काढलं तर #एन/ए येतं, म्हणजे मॅचला ३.२ सापडतच नाही. मजकूर आहे का म्हणून इझनंबर लावलं, दोन्हीकडे ट्रू. दशांश स्थळं वाढवून पाहिली, ३.२००००००००० असंच दिसतं. आणि कहर म्हणजे एका रिकाम्या जागी =दर!ए४=३.२ लिहिलं तर उत्तर ट्रू! तुलना करताना सारखं, शोधताना नाही, हे कसं?

मला दोन गोष्टी हव्यात. एक, हे मुळात का होतंय. दोन, चूक लपणार नाही आणि तरीही अण्णांची शीट अडणार नाही असं सूत्र कसं लिहू? फरकाचे पैसे आम्ही देणारच आहोत, पण पुढचं बिल चार दिवसांवर आहे.

प्रतिसाद १

ताई, त्या वरच्या पाच ओळी तुम्ही हाताने टाइप केल्या की सूत्राने वजा करत गेलात? ए६ वर क्लिक करून वरच्या पट्टीत काय दिसतं ते सांगा.

धागाकर्ती

सूत्राने. ए६ मध्ये =ए७-०.१, ए५ मध्ये =ए६-०.१, असं वर ए२ पर्यंत. ए७ मधलं ३.५ आणि त्याखालचं सगळं हाताने टाइप केलेलं.

प्रतिसाद १

मग गाठ तिथेच आहे. संगणक संख्या द्विमान पद्धतीत साठवतो आणि ०.१ त्यात नेमका मावत नाही, जसा आपल्याकडे एक तृतीयांश ०.३३३... करत कितीही लिहिला तरी संपत नाही. प्रत्येक वजाबाकीत शेवटच्या टोकाला कणभर फरक पडू शकतो. ३.५ मधून ०.१ वजा करत गेलं की ३.४ आणि ३.३ नशिबाने नेमके येतात. तिसऱ्या पायरीला मात्र ३.१९९९९९९९९९९९९९९७ येतं. तिथून चुकलेल्या संख्येतूनच पुढची वजाबाकी होते, म्हणून ३.१ आणि ३.० सुद्धा गेले. तुमच्या ६१ नोंदी बरोबर त्याच तीन ओळींच्या आहेत.

दिसत का नाही? कारण एक्सेल १५ अंकांपर्यंतच दाखवतं. दशांश कितीही वाढवा, पुढे नुसती शून्यं येणार. बरोबरीच्या चिन्हाने तुलना करतानाही ते तेवढ्यावरच पाहतं, म्हणून ट्रू. मॅच मात्र शेवटच्या कणापर्यंत नेमकी संख्या शोधतं. खात्री करायची तर रिकाम्या जागी =(दर!ए४-३.२) लिहा. बाहेरचा कंस विसरू नका. कंस नसेल तर एक्सेल इतका बारीक फरक स्वतःच शून्य करून टाकतं.

उपाय: ए६ मध्ये =राउंड(ए७-०.१, १), म्हणजे उत्तर एका दशांशापर्यंत नेमकं करा, आणि तेच वर ओढा. किंवा सरळ पाचही आकडे हाताने टाइप करा, दरपत्रकाला सूत्र हवंच कशाला? शोधतानाही मॅच(राउंड(ई२, १), ...) करा. एसएनएफ उद्या कुणी लॅक्टोमीटरच्या डिग्रीवरून सूत्राने काढायला लागलं तर एफ२ ला राउंड नसल्यामुळे पुन्हा हेच होईल.

धागाकर्ती

कंस घालून पाहिलं. उणे ४.४४ई-१६ आलं! दोन दिवस मी त्या ३.२ कडे बघत बसले होते. राउंड लावल्याबरोबर ६१ च्या ६१ नोंदींना दर आला. फार फार आभार, दादा.

प्रतिसाद २

मूळ सापडलं, छान झालं. पण इफएररमधलं ते शून्य काढल्याशिवाय हा धागा सोडू नका. मी एका पतसंस्थेत हिशेब पाहतो, तिथे याच सवयीने व्याज बुडालेलं पाहिलं आहे.

#एन/ए म्हणजे "मला सापडलं नाही". शून्य म्हणजे "भाव शून्य आहे". पहिलं खरं होतं, दुसरं खोटं, आणि बिलावर खोटं छापलं गेलं. शिवाय इफएरर फक्त #एन/ए झाकत नाही. उद्या कुणी अख्खी दर शीटच उडवली तर #रेफ! येईल, सूत्राचं नाव चुकलं तर #नेम? येईल, लिटरच्या जागी अक्षरं पडली तर #व्हॅल्यू! येईल. या तिन्हींची कारणं वेगळी, दुरुस्त्या वेगळ्या, आणि इफएरर सगळ्यांवर एकच पांघरूण घालतं. शेवटचं तर एच रकान्यात येतं, म्हणून तिथे इफएरर चुकूनही लावू नका.

इफएनए वापरा असं कुणी सुचवेल, त्यात फक्त #एन/ए पकडलं जातं. पण ते २०१३ पासून आलं, तुमच्या २०१० मध्ये चालणार नाही. तुम्हाला इफ(इझएनए(...)) असं लांबलचक लिहावं लागेल. मी तेही करणार नाही. दराच्या रकान्यात #एन/ए आलं तर येऊ दे. चूक जिथे झाली तिथे दिसली पाहिजे.

प्रतिसाद ३

वरच्यांशी सहमत, पण ताईंची अडचणही खरी आहे. बेरीज अडली की माणूस बावरतो. म्हणून ओळीत चूक दिसू द्या आणि बेरीज तेवढी सांभाळा. २०१० मध्ये अ‍ॅग्रिगेट आहे:

=अ‍ॅग्रिगेट(९, ६, एच२:एच९६१)

यात ९ म्हणजे बेरीज आणि ६ म्हणजे चुकीच्या खणांना वगळा. पण ही बेरीज एकटी ठेवली तर पुन्हा तोच धोका, कारण वगळलेलं दिसत नाही. तिच्या शेजारी अडलेल्या नोंदी मोजा:

=समप्रॉडक्ट(--इझएरर(एच२:एच९६१))

हा खण समजा के१. मग बिलाच्या पानावर एकूण रकमेच्या जागी:

=इफ(के१>०, "छापू नका, "&के१&" नोंदींना दर नाही", अ‍ॅग्रिगेट(९, ६, एच२:एच९६१))

आता अण्णांना #एन/ए चा अर्थ लावत बसायला नको, त्यांना मराठीत वाक्य दिसेल. चुकीच्या ओळी पिवळ्या करायच्या तर कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये =इझएरर($एच२).

एक सावधगिरी. दराच्या जागी "" असा रिकामा मजकूर देऊ नका. दिसायला स्वच्छ वाटतो, पण लिटर गुणिले रिकामा मजकूर केला की रकमेत #व्हॅल्यू! येतं आणि मग खरं कारण शोधायला तुम्ही भलत्याच रकान्यात फिरत राहता.

प्रतिसाद २

आणि ताळा घ्या. एकूण लिटर एकीकडे, दर लागलेले लिटर दुसरीकडे: =समइफ(जी२:जी९६१, ">०", डी२:डी९६१). अट "शून्यापेक्षा जास्त" असल्यामुळे चुकीचे खण आणि शून्यं दोन्ही गळतात. दोन आकडे जुळले तरच बिल. हा ताळा आधीपासून असता तर पहिल्याच बिलाला फरक दिसला असता.

धागाकर्ती

सगळं बसवलं. काल रात्री अण्णांना फोनवर धरून शीट बदलली. मुद्दाम एका ओळीत फॅट २.९ टाकायला लावली. बिलाच्या पानावर "छापू नका, १ नोंदींना दर नाही" आलं आणि ओळ पिवळी झाली. अण्णा म्हणाले, "हे कळतंय मला." मग त्यांनी स्वतःच ती ओळ शोधून दुरुस्त केली.

मग लिटरचा ताळा लावताना तो रकाना डोळ्यांखालून घातला, तर तिथे वेगळंच निघालं. दोन जागी अण्णांनी लिटरच्या खणात "नासलं" असं लिहून ठेवलं होतं. रकमेत #व्हॅल्यू! आलं होतंच, पण मला अंधारात ठेवून त्यांनी तिथे सूत्र पुसून हाताने ० टाकलं होतं, म्हणजे माझीच युक्ती. आता शेऱ्याचा वेगळा रकाना दिला आहे. लिटरच्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशन लावून फक्त दशांश संख्या घेईल असं केलं आहे.

तक्ता वाढवल्यापासून या बिलाआधी आणखी दोन बिलं छापली गेली होती. त्यांच्या फाइली ठेवलेल्या आहेत, त्यातही ३.२ आणि त्याखालच्या नोंदी शोधून फरक काढते आहे. एका फाइलीत अशा ३८ नोंदी निघाल्या, दुसरी आज संध्याकाळी. आजींचे ३१ लिटरचे पैसे अण्णा आज सकाळी घरी जाऊन देऊन आले. आजींच्या चिठ्ठ्यांचे फोटो मागून घेतलेत, जुन्या दोन बिलांतल्याही असतील तर त्यांच्याशीच माझं नवं सूत्र पडताळून पाहणार आहे.