मदत हवी आहे : अनमोड घाटातील रोडसाइड युनिट किती वेळ निद्रावस्थेत ठेवावे?

नमस्कार. गोवा-कर्नाटक सीमेवरील मोले ते अनमोड या घाटरस्त्यासाठी सौरऊर्जेवर चालणाऱ्या रोडसाइड युनिटांचे (वाहनांचे रेडिओ संदेश घेऊन इतर वाहनांना पुढे पाठवणाऱ्या रस्त्याकडेच्या यंत्रांचे) प्रारूप मी पदव्युत्तर प्रबंधासाठी तयार करीत आहे. ८०२.११पी हे वाहनांच्या बिनतारी संदेशवहनाचे मानक वापरणारी वाहने साधारणतः दर १०० मिलिसेकंदांनी आपले स्थान व वेग कळवतात. रस्ता रिकामा असताना युनिट निद्रावस्थेत ठेवल्यास बॅटरी वाचते. परंतु त्या काळात वाहनाने पाठवलेला संदेश हरवतो, पुढे पाठवायचा संदेश रांगेत अडकतो, आणि धुक्यात वळणापलीकडे ट्रक बंद पडल्याची सूचना उशिरा पोहोचणे मला मुळीच मान्य नाही. पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, ऊनही मिळत नाही. निद्रेचा कालावधी वाहनांच्या वर्दळीनुसार बदलता ठेवावा, की रिसीव्हर सतत जागा ठेवावा? नुसते ऐकत राहण्यातही बरीच वीज खर्च होते. असे काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.