'स्ट्रॅटेजी'साठी धोरण की व्यूहनीती?

प्रश्न : उद्योगविषयक मराठी लेखनात 'स्ट्रॅटेजी' या अर्थाने धोरण, व्यूहनीती, रणनीती आणि डावपेच हे चारही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. कंपनीच्या कामगिरीशी असलेला संबंध मांडायचा असेल, तर यांतील कोणता शब्द घ्यावा?

उत्तर : ग्राहकाला उधारी किती दिवसांची द्यायची, हे धोरण, दिवाळीपुरती सवलत जाहीर करणे, हा डावपेच. कोठे उभे राहायचे आणि कोणते मैदान सोडून द्यायचे, हे ठरवणारी मांडणी मात्र व्यूहनीती होय, आणि येथे तोच शब्द हवा. (रणनीती हा शब्द निवडणुकीच्या बातम्यांनी पार झिजवून टाकला आहे.) आकुर्डीच्या बजाज ऑटोने 2009च्या अखेरीस स्कूटरचे उत्पादन थांबवून दुचाकींमध्ये सारे लक्ष मोटारसायकलींवर केंद्रित करण्याचे जाहीर केले, तेव्हा 'चेतक'मुळे घरोघरी पोहोचलेल्या कंपनीने स्कूटरचा ग्राहक जाणूनबुजून सोडला, याला केवळ धोरण म्हणणे अपुरे वाटते.

प्रतिसाद : व्यूहनीती मान्य आहे, परंतु खरी अडचण 'कामगिरी' या शब्दात आहे, कारण तो एकवचनी असून त्यात विक्रीवाढ, बाजारहिस्सा, नफ्याचे प्रमाण आणि भागधारकांच्या दृष्टीने मूल्य अशा वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकणाऱ्या गोष्टी कोंबल्या जातात. त्याच निर्णयानंतर देशात स्कूटरची बाजारपेठ वाढत गेली आणि तो लाभ प्रामुख्याने होंडाच्या 'अ‍ॅक्टिव्हा'ला झाला. दुसरीकडे मोटारसायकलींची निर्यात आणि नफ्याचे प्रमाण यांच्या बळावर जानेवारी 2021मध्ये बजाज ऑटोचे बाजारमूल्य एक लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले. ही कामगिरी चांगली की वाईट, हा प्रश्न मोजपट्टी सांगितल्याशिवाय निरर्थक आहे, म्हणून 'कामगिरीचे स्वरूप' असे लिहावे.

प्रतिसाद : याच संदर्भात 'कॉस्ट लीडरशिप'चे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी खर्चात माल बनवण्याच्या व्यूहनीतीचे, 'किंमत-नेतृत्व' हे भाषांतर टाळावे. किंमत ग्राहक देतो, खर्च कंपनी सोसते. सर्वांत कमी खर्चात माल बनवणारी कंपनी तो बाजारभावानेच विकून नफ्याचे प्रमाण वाढवू शकते किंवा भाव उतरवून बाजारहिस्सा मिळवू शकते, आणि 'किंमत' म्हटले की यातला पहिला मार्ग वाचकाला दिसतच नाही. वाणिज्य शाखेत रुळलेला 'परिव्यय' बोजड वाटत असल्यास 'खर्चातील आघाडी' पुरेसे आहे.