सनस्क्रीन पाण्यात मिसळत नाही, मग आर्टेमियावर चाचणी कशी करायची?

खाजणकाठ: बी.एस्सी. प्रकल्पासाठी एसपीएफ ५० क्रीम आर्टेमियाच्या (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) पिल्लांवर तपासतोय. लिटरमागे १०० मिग्रॅचं द्रावण करून तेच पातळ करत पाच मात्रा केल्या. ४८ तासांनी ५० पेक्षा २५ मध्ये जास्त मेली! वर तवंग दिसतो. काय चुकतंय?

तळगाळ: तवंगच नडतोय. क्रीम विरघळत नाही, पिपेटमध्ये कधी गोळा येतो, कधी नुसतं पाणी. एकच द्रावण पातळ करू नका. ६.२५, १२.५, २५, ५०, १०० मिग्रॅ प्रतिलिटर, प्रत्येक मात्रा स्वतंत्र बनवा. क्रीम कव्हरस्लिपवर (काचेची पातळ चकती) तोला (०.१ मिग्रॅ दाखवणारा काटा हवा) आणि स्लिपसकट बाटलीत सोडा. मॅग्नेटिक स्टररवर २४ तास हळू फिरवा. भोवरा खोल गेला की थेंब फुटून पाणी दुधाळ होतं. चार तास स्थिर ठेवून मधल्या थरातलं पाणी सायफनने काढा. सगळं काचेत, प्लास्टिकच्या भिंती ऑक्सिबेन्झोन (क्रीममधलं अतिनील किरण शोषणारं रसायन) ओढून घेतात. निकालात ‘टाकलेली मात्रा’ म्हणा, विरघळलेली नव्हे.

लवणिका: पिल्लं किती तासांची? नुकती फुटलेली खात नाहीत, पिवळ्या बलकावर जगतात. पहिली कात टाकल्यावर, साधारण १२ तासांनी, तोंड उघडतं. झिंक ऑक्साइडचे (क्रीममधली ऊन अडवणारी पांढरी पूड) कण पोटात जायला हवे असतील तर तोवर थांबा. दर मात्रेला दहा-दहा पिल्लांच्या तीन वाट्या. हलकं हलवल्यावर १० सेकंद निपचित राहिलं तर मेलं धरा. नुसत्या खाऱ्या पाण्यात १० टक्क्यांवर मेली तर सगळी फेरी बाद. तवंगात अडकलेलं पिल्लू वेगळं मोजा, ते विषाने नाही मेलेलं.

खाजणकाठ: म्हणजे अहवालात ‘ऑक्सिबेन्झोन घातक’ लिहू नको?

तळगाळ: मुळीच नको. क्रीममध्ये ती टिकवणारं फिनॉक्सीइथेनॉल असतं, तेल-पाणी एकजीव ठेवणारे इमल्सिफायर असतात, तेही मारू शकतात. फार तर ‘या क्रीमचा परिणाम’ म्हणा. घटकावर बोलायचं तर शुद्ध रसायन घ्या आणि द्रावकाचा वेगळा कंट्रोल (रसायन न घालता नुसत्या द्रावकाच्या वाट्या) ठेवा.

उन्हाळी: उजेडाचं कुणी बोललंच नाही. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी समुद्रफुलांवर (सी अ‍ॅनिमोन, पोवळ्यांचे नातलग) दाखवलं की ऑक्सिबेन्झोन अतिनील किरणांखाली जीव घेतं, ते किरण नसताना नाही. ट्यूबलाइटखालची चाचणी हे चुकवते, आणि खिडकीची काच यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) अडवते. एक संच उघड्या उन्हात, एक झाकलेला ठेवा. पण वाट्या पाण्याच्या थाळीत ठेवून २८ अंशांच्या आसपास राखा, नाहीतर उष्णतेने मेलेली क्रीमच्या नावावर जातील. आणि आर्टेमिया चिवट असतो. त्याची पिल्लं जगली म्हणून मालवणची पोवळी सुरक्षित, असं लिहू नका.